खांद्यावरची चार बोटं

सोमवार, १० मार्च
आयडाहो फॉल्स

बाबा,

तीन वर्षांत तुमचा फोन नाही आणि माझाही नाही, तेव्हा हे पत्र बघून दचकू नका. कोणी गेलेलं नाही. आई ठणठणीत आहे, ॲनिकाला दुसरी मुलगी झाली, म्हणजे तुम्हाला दुसरी नात, मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे. पत्र शनिवारनंतर टाकेन, तोवर रोज थोडं लिहीन. टाकायची हिंमत झाली नाही तर तुम्हाला कळणारही नाही, म्हणजे आत्ता जे चाललंय तेच पुढे चालेल.

शनिवारी लिंडीचं लग्न आहे. तुम्ही तिला पाहिलेलं नाही. दोन वर्षं आम्ही एका खोलीत राहतो. ती मोंटानातल्या ब्यूटची, बापाविना वाढलेली. आपल्या पंथात ती माझ्यामुळे आली. म्हणजे मीच तिला रविवारी हाताला धरून प्रार्थनेला नेलं, आणि तिने दीक्षेच्या पाण्यात बुडी मारली तेव्हा टॉवेल घेऊन काठावर मीच उभी होते. आता ती हॅल्वर्सनांच्या ट्रेंटशी ॲनिकाचं झालं त्या नदीकाठच्या मंदिरातच लग्न करते आहे. फोटो मी काढणार. ही माझी भेट.

आतला नियम तुम्हाला मी काय सांगणार? बिशपच्या सहीचा दाखला असेल तो आत, नसेल तो बाहेर, मग तो मुलीचा बाप असला तरी. आत कॅमेराही चालत नाही, म्हणून फोटो सगळे दारातून बाहेर आल्यावर. लिंडीच्या आईकडे, डोरीनकडे, दाखला असायचा प्रश्नच नाही. ती सिगारेट ओढते आणि देव या विषयावर तिला बोलायला आवडत नाही. म्हणून आत लिंडीच्या बाजूने उभी राहणार ती मी. तिच्याकडचं आत दुसरं कोणी नाही.

अडचण एवढीच की माझा दाखला गेल्या महिन्यात संपला. बुधवारी बिशपसमोर बसून पुन्हा मागायचा आहे. ते ठरलेले प्रश्न विचारतील, मी सगळ्यांना 'हो' म्हणणार आहे. माझा विश्वास उरलाय का? नाही. कधी गेला तेही सांगता येत नाही. पण लिंडीने माझ्याकडे दुसरं काही मागितलं नाही कधी. एका मैत्रिणीसाठी दहा-पंधरा वेळा खोटं 'हो' म्हणायचं, याला मी पाप समजत नाही. समजायचं तरी कशाच्या आधारावर?

तुम्ही पंथ सोडला होतात, म्हणून ॲनिकाच्या लग्नाला तुम्ही त्या दारासमोरच्या लोखंडी बाकावर बसला होतात. तपकिरी जाकीट. नदीवरून वारा येत होता. मी तुमच्या समोरून आत गेले आणि मान वळवली नाही. माझा दाखला तेव्हा कोरा करकरीत होता, आणि मला त्याचा माज होता.

त्या दिवशीचा सगळ्यांचा फोटो आईने पियानोवर लावलाय. तुम्ही तो पाहिलात, मला माहीत आहे. ॲनिकाने तो इंटरनेटवर टाकला तेव्हा तुम्ही मला एका ओळीत कळवलं होतंत, "फोटो पाहिला. छान आलाय." त्यानंतर तुमचा फोन यायचा बंद झाला. तुम्हाला त्या फोटोतून काढून टाकलं, त्याचं कारण आई आजही सांगते: मंदिराच्या दारात उभं राहून माणूस हातात वर्ज्य कॉफीचा कप धरतो, म्हणजे मुद्दाम आम्हाला चिडवायलाच.

मंगळवार, ११ मार्च

आज लिंडीच्या होणाऱ्या सासूबाईंनी सोड्याच्या दुकानात बोलावलं. सिस्टर हॅल्वर्सन यांना तुम्ही ओळखता, त्याच त्या, ज्यांच्या हिरव्या जेलीत किसलेलं गाजर असतं आणि कोणी ती उरवलेली त्यांना चालत नाही. त्यांनी फोटोंची यादी आणली होती, छापलेली, प्लास्टिकच्या कव्हरात. दारातून बाहेर येताना एक. पायऱ्यांवर दोघंच. नदीकडे तोंड करून एक. मग ट्रेंटच्या घरचे, एकेक बहीण नवऱ्यासह. यादीच्या तळाशी सगळ्यांचा एकत्र फोटो, आणि तिथे पेनाने लिहिलेलं: लिंडीची आई डाव्या कडेला.

मी विचारलं, कडेला का? वधूची आई आहे ती.

सिस्टर हॅल्वर्सन म्हणाल्या, "अगं, तिच्या दंडावर ते गोंदलेलं आहे ना, ड्रॅगन की काय. बाहीही नसते कपड्याला. मला काही नाही गं, पण हा फोटो आमच्या बैठकीत राहणार. पुढेमागे वाटलं तर..." आणि हाताने हवेत एक उभी रेघ मारली. मग लाडात येऊन माझ्या दंडाला चिमटा काढला. "तुझी आईच सांगत होती, मारेनने आमच्या फोटोतून माणूस असा उडवला की पत्ता लागत नाही."

आई हे लोकांना सांगते, बाबा. कौतुकाने सांगते.

तर आता तुम्हाला कळलं. कोणा फोटोग्राफरला सांगून वगैरे नाही केलं. मी केलं. कॉलेजचं पहिलंच वर्ष होतं, नवा लॅपटॉप होता, आईने मागे बसून सांगितलं आणि मी केलं. तुम्ही कडेला होतात, म्हणून सोपं गेलं. तुमच्या मागे झुडूप होतं, ते पसरवून तुमच्या जागी आणलं. जाकीट गेलं, चेहरा गेला, कपाचा हात गेला. फक्त तुमचा दुसरा हात माझ्या खांद्यावर होता. मनगटापर्यंत गेला, पण बोटं माझ्या निळ्या ड्रेसवर होती आणि तिथलं कापड काही मला नीट भरता येईना. नवशिकी होते. चार बोटं राहून गेली. आईला वाटतं ती ड्रेसची चुणी आहे. नीट बघणाऱ्यालाच कळतं, आणि तुम्ही नीट बघितलं असणार.

त्या दुकानात मी यादी घडी घालून खिशात ठेवली आणि सिस्टर हॅल्वर्सनना 'बघू' म्हणाले. नाही म्हणायला तोंड उघडलंच नाही. मूग गिळण्यात मी तयार झाले आहे.

बुधवार, १२ मार्च

आपले बिशप आता केंट ऑल्सेन आहेत, पोटापाण्याला दातांचे डॉक्टर. गेल्या महिन्यात त्यांनी माझी दाढ कोरली, आज आत्म्याची पाळी होती. माणूस वाईट नाही. खुर्ची पुढे ओढून बसले, लग्नाची चौकशी केली, मग कागद घेऊन एकेक प्रश्न वाचू लागले. देवावर श्रद्धा आहे का? हो. पंथप्रमुखांना मानतेस का? हो. दारू, कॉफी, तंबाखू यांपासून लांब आहेस ना? हो, आणि हे तर खरंही होतं. पाढे म्हणावेत तसं चाललं होतं.

मग त्यांनी विचारलं, सगळ्या वागण्यात तू प्रामाणिक असतेस ना?

यात अडण्यासारखं काय होतं? देवाबद्दल खोटं बोलून झालं होतं. पण मला तो कप आठवला, बाबा, तुमच्या हातातला. कपाचं सांगायचं आहे मला. आज नाही जमत.

बिशपनी कागद खाली ठेवला आणि काय झालं म्हणून विचारलं. मी सांगितलं, एक खोटेपणा आठवला, बाबांच्या बाबतीतला. ते म्हणाले, एवढंच ना, त्यांची माफी माग, लिहून कळव, तो प्रश्न मिटला असं मी धरतो. पेन उघडंच होतं त्यांच्या हातात. सही करायला निघालेच होते.

"मग बाकीचंही धरू नका," मी म्हणाले. "तेही खोटंच होतं."

"कुठलं?"

"पहिल्यापासून."

त्यांनी टेबलावरचा कागद सरळ केला. मग हळू आवाजात म्हणाले, "मारेन, अर्धं 'हो' असलं तरी मी सही करतो. माझीही कधी कधी अर्धीच असतात."

"माझं अर्धंही नाही हो."

त्यांनी पेनाचं टोपण लावलं. बाहेर सोडायला दारापर्यंत आले, आणि दाढ दुखते का म्हणून विचारलं.

मला वाटलं होतं हलकं वाटेल. खरं बोलणाऱ्यांना हलकं वाटतं म्हणतात. मला वाटलं नाही, कारण आता लिंडीला सांगायचं होतं.

गुरुवार, १३ मार्च

लिंडी लग्नाच्या पोशाखाला बाह्या जोडत बसली होती. पोशाख डोरीनचा, तिच्या स्वतःच्या लग्नातला, बिनबाह्यांचा. मंदिरात तसा चालत नाही, म्हणून लिंडीने जुळतं कापड शोधून आणलं आणि आठवडाभर ती बाह्या शिवते आहे. मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं की दाखला मिळाला नाही, मी आत येत नाही.

तिला आधी वाटलं बिशपनी छळलं. भांडायला निघाली होती ती माझ्यासाठी. मग मी सांगितलं की ते सही करत होते, मीच नको म्हटलं.

तिने सुई कापडात खोचली. "म्हणजे मिळत होता."

"हो."

"एक 'हो' म्हणायचं होतं, मारेन. माझ्यासाठी."

मी म्हटलं, मला खोटं बोलता आलं नाही.

"तुला?" ती हसली, आणि ते हसणं माझ्या अजून कानात आहे. "दर रविवारी माझ्या शेजारी बसून डोळे मिटून घेत होतीस, तेव्हा येत होतं. मला या पाण्यात तू उतरवलंस. माझी आई बाहेर राहणार हे मी गिळलं, का, तर तू आत असशील. आणि ऐन दारातून तू मागे फिरतेस. मी आत कोणाकडे बघू गं? हॅल्वर्सनांकडे?"

तिचं सगळं खरं होतं. मी तिला ज्या घरात आणून सोडलं, तिथून स्वतः मागच्या दाराने निघून गेले. तुमच्यावर आईने हाच आरोप केला होता ना? तेव्हा मी आईच्या बाजूने मान डोलावली होती.

रात्री जेवण तिने तिच्या पलंगावर खाल्लं आणि मी माझ्या. पाठ करून.

शुक्रवार, १४ मार्च

आईचा फोन आला. लिंडीने माझ्याऐवजी तिलाच विचारलं, आत चलाल का म्हणून, आणि कारणही सांगितलं. त्यामुळे आईला माझ्या तोंडून काही ऐकावंच लागलं नाही. मी रडणं ऐकायच्या तयारीत होते. ती रडली नाही. म्हणाली, "बापावर गेलीस. बरं, फोटो तरी नीट काढ." आणि ठेवला.

मी सकाळभर मंदिरासमोर कॅमेरा घेऊन हिंडले. पांढरं मंदिर, हिरवळीवर अजून बर्फ, उद्या त्यात पांढरा पोशाख. कॅमेऱ्याला एवढं पांढरं झेपत नाही, तो सगळं राखाडी करून टाकतो. म्हणून उजेड मुद्दाम जास्त घ्यावा लागतो. पावणेबाराला दारावर ऊन येतं. बॅटऱ्या थंडीत मरतात, त्या आतल्या खिशात अंगाशी ठेवायच्या. हे सगळं मला येतं, बाबा. हातातलं काम असलं की मी शहाणी असते.

तुमचा बाक अजून तिथेच आहे. मी त्यावर बसून पाहिलं. तिथून दाराशिवाय काहीही दिसत नाही.

शनिवार, १५ मार्च

सव्वादहाला सगळे आत गेले. लिंडीने माझ्याकडे पाहिलं नाही. आईने पाहिलं, आणि लिंडीचा हात स्वतःच्या हातात घेऊन पायऱ्या चढली.

डोरीन बाकावर बसली होती. पातळ जांभळा ड्रेस, उघडे दंड. ड्रॅगन नाही, मासा आहे, बाजूला लिंडीची जन्मतारीख आहे. मी माझा कोट तिच्या अंगावर टाकला आणि कोपऱ्यावरून दोन कप गरम चॉकलेट आणलं. तिने विचारलं, तू तर मैत्रीण ना तिची, मग बाहेर कशी? मी सांगितलं, मला दाखला नाही. ती म्हणाली, "बरं झालं. एकटीने बसायला अवघड असतं."

थोड्या वेळाने म्हणाली, "आत कसं असतं गं?"

मी सांगितलं. समोरासमोर मोठे आरसे असतात. मधे दोघं गुडघे टेकून बसतात आणि आरशात आरसा पडून त्यांना शेवटच नाही असं दिसतं. आईवडील भिंतीशी बसलेले, तेही त्यात दिसतात.

डोरीनने दोन्ही हातांनी कप धरला. "तिला जन्म देताना मी एकटी होते," ती म्हणाली. "तेव्हा कोणी दाखला नाही विचारला."

नदीवरून वारा येत होता. दीड तास, बाबा. तुम्ही एकट्याने तो कसा काढलात?

पावणेबाराला दार उघडलं. मी कप डोरीनच्या हातात दिला आणि कॅमेरा उचलला. लिंडी हसत बाहेर आली आणि मी फोटो काढत गेले. यादीप्रमाणे सगळे. मग एकत्र फोटोसाठी सिस्टर हॅल्वर्सनांनी माणसं लावायला घेतली आणि डोरीनला खांद्याला धरून डाव्या कडेला नेलं. तिच्या दोन्ही हातांत दोन कप. त्यातला एक माझा.

तुमच्याही हातात माझाच होता. आता लिहिते. ॲनिकाच्या लग्नातून मी कुडकुडत बाहेर आले, मान न वळवल्याची लाजही सोडून तुमच्यापाशी आले, कारण तुम्ही गरम चॉकलेट आणून ठेवलं होतं. मी दोन घोट घेतले. फोटोसाठी हाक आली तेव्हा म्हटलं, बाबा, जरा धरा. तुम्ही धरला. लॅपटॉपसमोर आई म्हणाली, बघ, मंदिराच्या दारात कॉफी घेऊन उभा आहे. कॉफी नाही, आणि कप माझा आहे, एवढं बोलायला किती वेळ लागला असता? मी माउस हलवत राहिले.

मी डोरीनला हाक मारली. "डोरीन, मधे या."

सिस्टर हॅल्वर्सन म्हणाल्या, यादीत तसं नाही. मी म्हणाले, उजेड मधेच चांगला आहे. हे या आठवड्यातलं माझं शेवटचं खोटं. कडेचा माणूस पाच मिनिटांत जातो, हे माझ्याइतकं तिथे कोणाला ठाऊक नव्हतं. मधला जात नाही. म्हणून डोरीनला लिंडी आणि ट्रेंटच्या मधे घेतलं, लिंडीचा हात तिच्या दंडातून ओवला, त्या माशावरून, आणि लिंडीच्या डोक्यावरच्या जाळीच्या ओढणीचं टोक डोरीनच्या छातीवरून पलीकडे नेलं. आता तिला काढायचं तर वधूचा हात कापावा लागेल. लिंडीला मी काय करते आहे ते कळलं. तिने आईचा दंड घट्ट धरला. माझ्याशी बोलली मात्र नाही, निघतानाही नाही.

पांगापांग झाल्यावर आई माझ्याकडे आली. मी बाकाशी कॅमेरा पिशवीत भरत होते. मनाशी ठरवलं होतं की माफी मागायची ती आधी हिच्यासमोर खरं बोलून.

"ॲनिकाच्या लग्नात बाबांच्या हातात होता ना," मी म्हणाले, "तो कप माझा होता. चॉकलेटचा."

आई हातमोजे घालत होती. एकेक बोट नीट बसवत म्हणाली, "माहीत आहे मला. तुझ्या ओठांना लागलं होतं."

"मग?"

"मग काय. काहीतरी कारण हवं होतं." ती गाडीकडे निघाली. दोन पावलं जाऊन वळली. "आणि तू गप्प बसलीस, म्हणून मला सोपं गेलं."

तीन वर्षं मला वाटत होतं की मी तिच्यापासून काहीतरी लपवते आहे.

रविवार, १६ मार्च

आज प्रार्थनेला गेले नाही. लिंडीचा पलंग रिकामा आहे, पलंगाखाली बाह्यांची कात्रणं पडली आहेत. उचलावीत असं वाटत नाही.

सकाळपासून तुमचा फोटो उघडून बसले होते. तुम्हाला परत आणायचं होतं. मूळ फोटो मी ठेवला नाही, त्याच्यावरच काम केलं होतं. आधीची प्रत ॲनिकाच्या फोटोग्राफरकडे मागितली, तो दुकान विकून ॲरिझोनाला गेला. त्या दिवशीचा तुमचा दुसरा एकही फोटो कोणाकडे नाही. तुम्ही बाकावर असताना कोणाला तो काढावासा वाटला नव्हता. आता बोटं आहेत आणि त्यांना जोडायला पुढे काही नाही, झुडूप आहे.

मंगळवारी मी लिहिलं की नवशिकी होते, बोटांखालचं कापड भरता आलं नाही. ते खोटं आहे. भरता येत होतं. पूर्ण झुडूप पसरवलं, त्या मला वीतभर निळं कापड नसतं भरता आलं? आई चहाऐवजी कसलासा काढा करायला आत गेली होती. मी बोटांपर्यंत आले आणि लॅपटॉप मिटला. ती परत आली तेव्हा झालं म्हणून सांगितलं.

तेव्हाही तुमच्यासाठी मी एवढंच केलं. फोटो सोबत जोडला आहे. माझ्या डाव्या खांद्यावर बघा.

मारेन